बंदर बुजलं, गाव उरलं

बेगडेवाडी स्टेशनावर लोकलमधून उतरलं की घोरवडेश्वराचा डोंगर जवळच उभा दिसतो. महाशिवरात्रीला आणि श्रावणी सोमवारी तिथे रीघ लागते. वर महादेवाचं ठाणं ज्या कातळात आहे ती मुळात बौद्ध लेणी. अभ्यासक त्यांना शेलारवाडीची लेणी म्हणतात. त्यांतल्या एका लेण्यावर ब्राह्मी लिपीत थोडक्या शब्दांचा एक लेख कोरलेला आहे. धेनुकाकट इथे राहणाऱ्या उसभणक नावाच्या शेतकऱ्याची बायको सियागुतनिका हिने, नंद या आपल्या मुलासह, हे लेणं दान दिलं, एवढंच तो सांगतो. ना राणी, ना सेनापती. नांगर धरणाऱ्या घरातली एक बाई, आणि तिचं नाव दोन हजार वर्षांच्या आसपास या कातळावर टिकून आहे.

हेच धेनुकाकट कार्ल्याच्या चैत्यगृहात पुन्हा पुन्हा भेटतं. तिथले काही खांब धेनुकाकटच्या यवनांनी, म्हणजे पश्चिमेकडून आलेल्या परदेशी व्यापाऱ्यांनी, दिलेले आहेत. एक खांब सोपाऱ्याच्या भिक्षूचा आहे. सोपारा म्हणजे आजचं नालासोपारा, त्या काळचं भरभराटीचं बंदर. आता कुठे सोपारा, कुठे मावळ! पण बंदरावरच्या माणसाने घाटमाथ्यावरच्या लेण्याला खांब द्यावा यात त्या काळी काही नवल नव्हतं. कल्याण, सोपारा आणि चौल या बंदरांवर उतरलेला माल बोरघाट चढून देशावर यायचा आणि देशावरचं कापड त्याच वाटेने खाली उतरून गलबतांत भरलं जायचं. कार्ले, भाजे, बेडसे, शेलारवाडी ही सगळी लेणी त्या वाटेच्या शेजारची. तांडे इथे थांबत, भिक्षूंना दान देत आणि पुढे जात.

आज आमच्या भागातली कुटुंबं सुट्टीला समुद्राकडे निघतात ती याच दिशेने. लोणावळा, खंडाळा, घाट उतरून खोपोली, मग पेण, वडखळ आणि अलिबाग. सगळं मिळून सव्वाशे किलोमीटरांच्या आत-बाहेर. सकाळी लवकर निघालं तर दुपारच्या जेवणाला माणूस किनाऱ्यावर असतो. आपल्याआधी घाटमाथ्यावरचं पाणीसुद्धा याच बाजूने उतरलेलं असतं. वळवण, लोणावळा, शिरवता या तलावांत अडवलेला पाऊस १९१५ पासून बोगद्या-नळांतून खोपोलीच्या वीजकेंद्रात कोसळतो, तिथून पाताळगंगेत आणि पुढे धरमतरच्या खाडीत जातो. मुळशीचं पाणी १९२७ पासून भिऱ्याला उतरून कुंडलिकेत मिसळतं, आणि कुंडलिका जिथे समुद्राला मिळते तिथे एका काठाला रेवदंडा आहे, दुसऱ्या काठाला कोर्लई.

अलिबागला गेलेली बहुतेक माणसं रेवदंड्याच्या आणि चौलच्या वाटेवरून जातात, पण थांबत नाहीत. नारळी-पोफळीच्या दाट सावलीतून गाडी निघते, एका पडक्या तटातून आरपार जाते आणि काशीदच्या पांढऱ्या वाळूकडे धावते. मला हे फार लागतं. पश्चिम किनाऱ्यावरच्या सगळ्यांत जुन्या नांदत्या गावांपैकी एक आपण नुसतं ओलांडून जातो.

चौलचा उल्लेख इसवी सनाच्या पहिल्या-दुसऱ्या शतकातल्या ग्रीक लेखकांनी सिमुल्ला, सेमुल्ला अशा नावांनी केला आहे. कान्हेरीच्या लेखांत ते चेमूल म्हणून येतं. दहाव्या शतकाच्या सुरुवातीला अल मसूदी हा बगदादचा प्रवासी इथे आला तेव्हा राष्ट्रकूटांचं राज्य होतं आणि शिलाहार घराण्यातला झंझ इथला कारभार पाहत होता. गावात दहा हजार मुसलमान राहतात, असं मसूदीने लिहून ठेवलं आहे: कुणी ओमानचा, कुणी बसऱ्याचा, कुणी बगदादचा, आणि बरेचसे इथेच जन्मलेले. पुढे पाचशे-साडेपाचशे वर्षांनी, बहमनी अंमलात, अफनासी निकितिन हा रशियातल्या त्वेर गावचा व्यापारी विकायला एक घोडा घेऊन चौलला उतरला. चौलहून पाली, मग उमरी, असं करत चोवीस दिवसांनी तो जुन्नरला पोचला. तिथे पावसाने त्याला गाठलं आणि तिथल्या खानाने त्याचा घोडाच काढून घेतला. घोडा परत मिळाला खरा, पण त्याआधी धर्म बदलण्याची धमकी ऐकावी लागली. वास्को द गामा कालिकतला पोचण्याच्या पंचवीस-तीस वर्षं आधीची ही गोष्ट. रेवदंड्यात निकितिनचा स्मृतिस्तंभ आहे. पर्यटक क्वचितच तिकडे वळतात.

मग पोर्तुगीज आले. १५०८ मध्ये चौलच्या बंदरातच इजिप्तच्या सुलतानाच्या आणि गुजरातच्या आरमाराने त्यांना गाठलं. पोर्तुगीज व्हाइसरॉयचा मुलगा लोरेन्सो द आल्मैदा त्या लढाईत मारला गेला. तरीही १५२०च्या दशकात खाडीच्या मुखाशी त्यांनी कोट बांधला आणि त्याच्या पोटात शहर वसवलं. तेच रेवदंडा. आतल्या बाजूचं जुनं चौल निजामशाहीकडे राहिलं. दोन राज्यांची दोन गावं एकमेकांना खेटून नांदत होती. एकात चर्चच्या घंटा, दुसऱ्यात रेशमाचे माग. चौलचं रेशीम आणि सुती कापड तेव्हा इराणपासून आफ्रिकेच्या किनाऱ्यापर्यंत जात असे. वसईच्या पराभवानंतर, १७४० च्या तहाने रेवदंडा आणि कोर्लई मराठ्यांकडे आली.

एवढं मोठं बंदर बसलं कसं? तोफांनी नव्हे, बंदरं सहसा गाळाने मरतात. कुंडलिकेने सह्याद्रीतून आणलेला गाळ मुखाशी साचत गेला. इकडे जहाजांचे पेटे मोठे होत गेले, त्यांना खोल पाणी हवं होतं. मुंबईच्या बेटांच्या कुशीत निसर्गानेच खोल बंदर दिलं होतं आणि इंग्रजांनी सतराव्या शतकातच चौलच्या विणकरांना तिकडे बोलवायला सुरुवात केली होती. तरी देशावरचा माल खाली उतरवायला चौल, नागोठणे, पनवेल अशा जुन्या वाटा होत्याच. १८३० मध्ये बोरघाटात गाडीरस्ता झाला, १८५८ मध्ये खंडाळा ते पुणे आगगाडी धावली आणि १८६३ मध्ये घाटातला लोहमार्ग पूर्ण झाला. मग देशावरच्या कापसाला समुद्र गाठायला एकच दार उरलं, मुंबई. बेगडेवाडीवरून आज लोकल जाते ती याच मार्गाने. त्याने आपल्याला मुंबई दिली आणि चौलसारख्या बंदरांचा उरलासुरला व्यापार नेला.

माझं म्हणणं असं, की ही गावं आज सुट्टी घालवण्याजोगी राहिली आहेत ती त्यामुळेच. रेवदंड्याला गोद्या, गुदामं, मालगाड्या आल्या असत्या तर तट केव्हाच फोडला गेला असता आणि त्याच्या दगडांवर धक्का उभा राहिला असता. व्यापार गेला, माणसं पोटापाण्यासाठी मुंबईला गेली आणि जमीन वाड्यांकडे परत आली. पोर्तुगीजांच्या शहरात आज नारळ, पोफळी, जायफळ वाढतं. तटाच्या आत शिरलं की एखाद्या वाडीच्या कुंपणाला चर्चची भिंत असते, विहिरीच्या काठाला कोरीव दगड असतो. सातखणी मनोरा हा खरं तर फ्रान्सिस्कन मठाच्या चर्चचा मनोरा. वरचे मजले ढासळलेत, पायथ्याशी तोफा पडल्या आहेत. समुद्राच्या बाजूने तट थेट पुळणीवर उभा आहे, भरतीला लाटा त्याच्या पायाशी येतात. इथली वाळू काळसर आहे, कारण ती सह्याद्रीच्याच काळ्या दगडाची झीज आहे. काळी पुळण पाहून नाक मुरडणारे पुष्कळ भेटतात. त्यांनी खाली बसून मूठभर वाळू उन्हात धरून बघावी, लोहखनिजाचे कण चमकतात.

खाडीपलीकडचं कोर्लई तर दोन-तीन तास मागून घेतं. समुद्रात लांब घुसलेल्या सोंडेवर किल्ला, पायथ्याशी दीपगृह आणि कोळ्यांच्या वस्तीला लागून ख्रिस्ती वाडा. या वाड्यातली हजारभर माणसं घरात जी बोली बोलतात ती पोर्तुगीज आणि मराठी यांच्या मिलाफातून झालेली आहे. पोर्तुगीज जाऊन पावणेतीनशेहून जास्त वर्षं झाली, कुणी शाळेत शिकवली नाही, तरी आयांनी पोरांना ती दिली. तिथे गेलात तर कुणाला ‘बोलून दाखवा’ म्हणून भरीला घालू नका. चहाच्या टपरीवर थोडा वेळ बसलात की आपोआप कानांवर पडते.

अलिबागला मात्र सगळेच जातात, म्हणून तिथे भरती-ओहोटीचं गणित कळलेलं बरं. कुलाबा किल्ला शिवाजी महाराजांनी अखेरच्या काळात बांधायला घेतला, संभाजी महाराजांनी पुरा केला आणि कान्होजी आंग्र्यांनी त्याला आरमाराचं मुख्य ठाणं केलं. तटाचे प्रचंड चिरे चुना न भरता नुसते एकावर एक रचले आहेत. लाट आदळली की पाणी फटींतून आत शिरतं आणि तिचा जोर तिथेच मोडतो. ओहोटीला किल्ल्यापर्यंत चालत जाता येतं, पण कधी? मुंबई-अलिबागच्या किनाऱ्यावर जुनी माणसं तिथीला पाऊणने गुणतात. चतुर्थी असेल तर चार गुणिले पाऊण म्हणजे तीन, तीनच्या सुमारास पूर्ण भरती. अष्टमीला सहा वाजता. पौर्णिमा-अमावास्येला सव्वाअकरा-बाराच्या सुमारास. भरतीनंतर सव्वासहा तासांनी ओहोटी. म्हणजे पौर्णिमेला ओहोटी पहाटे-सकाळी सहाच्या आसपास आणि पुन्हा संध्याकाळी. अष्टमीला भर दुपारी. वेळ रोज साधारण पन्नास मिनिटांनी पुढे सरकते, कारण चंद्रही तेवढाच मागे पडत असतो.

यात एक गोम आहे. पौर्णिमा-अमावास्येला उधाण असतं, सूर्य आणि चंद्र एका रेषेत ओढतात, त्यामुळे पाणी चढतंही खूप आणि उतरतंही खूप. इथे हा फरक चार-पाच मीटरपर्यंत जातो. किल्ल्याची वाट तेव्हा कोरडी पडते, पण पाणी परतताना झपाट्याने येतं. अष्टमीला भांगाची ओहोटी असते, पाणी फारसं हटत नाही, गुडघाभर तरी राहतंच. म्हणून तिथी पाहून जावं, निघण्याआधी किनाऱ्यावरच्या कोळ्याला विचारावं आणि तो म्हणेल तेव्हा मागे फिरावं. किल्ल्यात आंग्र्यांनी बांधलेलं गणपतीचं देऊळ आहे, गोड्या पाण्याची पुष्करणी आहे. चहूकडून खारं पाणी असताना आत गोडं पाणी कसं, हा प्रश्न मुलं हमखास विचारतात. पावसाचं पाणी कातळात आणि तळ्यात साठतं, तट ते धरून ठेवतो. पाण्याची सोय नसती तर वेढ्यात चार दिवसही काढता आले नसते.

अलिबागमध्येच आणखी एक ठिकाण आहे, ज्याच्या फाटकावरून लोक नुसते पुढे जातात: चुंबकीय वेधशाळा. पृथ्वीच्या चुंबकत्वाच्या नोंदी आधी मुंबईच्या कुलाब्यात होत. मुंबईत विजेच्या ट्राम येणार असं ठरलं तेव्हा त्यांच्या प्रवाहाने उपकरणं बिघडतील म्हणून १९०४ मध्ये हे काम अलिबागला आणलं. इमारतीत लोखंड वापरलं नाही. मुंबईचा गोंगाट जिथे पोचत नव्हता असं गाव वैज्ञानिकांनीही शोधून काढलं, सुट्टीवाल्यांच्या कितीतरी आधी.

आता समुद्राच्या उबेबद्दल. युरोपात जुनी तटबंदी शहरं आणि समुद्रस्नान हे दोन्ही एकत्र हवं असेल तर लोक भूमध्य समुद्राकडे जातात. क्रोएशियातल्या दुब्रोव्हनिकला ऑगस्टमध्ये पाणी चोवीस-पंचवीस अंशांवर असतं, फेब्रुवारीत तेराच्या घरात. आपल्याकडे ऐन थंडीतही ते पंचवीसच्या खाली फारसं जात नाही. मेच्या मध्यावर अलिबागच्या बरोबर माथ्यावरून सूर्य जातो आणि पाणी तिशीला टेकतं. मग पावसाळी ढग ऊन अडवतात, वारे पाणी घुसळतात, वाफ होते आणि जुलै-ऑगस्टमध्ये समुद्र थोडा निवतो. ऑक्टोबरच्या उन्हाने तो पुन्हा तापतो. म्हणजे पाण्याच्या हिशेबाने ऑक्टोबर ते मे अख्खा हंगाम आपला आहे. आणि ते पाणी गढूळ दिसतं म्हणून घाण समजू नये. इथे समुद्र दूरवर उथळ आहे आणि एवढी मोठी भरती-ओहोटी दिवसातून दोनदा तळचा गाळ ढवळते.

पावसाळ्यात मात्र पाण्यात उतरायचं नाही. १७ जुलै १९४७ रोजी भाऊच्या धक्क्यावरून रेवसला निघालेली ‘रामदास’ बोट खवळलेल्या समुद्रात बुडाली आणि सहाशेंहून अधिक माणसं गेली. रायगडच्या कितीतरी गावांत त्या दिवशी घराघरांतून रडणं उठलं होतं. किनाऱ्यावरचे लोक आजही पावसाळ्यातल्या पर्यटकाला पाण्यावरून हटकतात, ते उगाच नाही.

मुरुड-जंजिऱ्याबद्दल एवढं लिहिलं गेलं आहे की इथे थांबत नाही. श्रीवर्धनबद्दल एक सांगायलाच हवं. बाळाजी विश्वनाथ पेशव्यांचं हे गाव, आणि इथली रोठा सुपारी नावाजलेली. ३ जून २०२० ला निसर्ग चक्रीवादळ या किनाऱ्यावर आदळलं. श्रीवर्धन, दिवेआगर, मुरुड, रेवदंडा या पट्ट्यातल्या वाड्या एका दुपारीत आडव्या झाल्या. पोफळ लावल्यापासून सुपारी धरायला पाच-सात वर्षं लागतात. नारळालाही तेवढीच. वाडी गेली म्हणजे घराची तेवढ्या वर्षांची मिळकत गेली. तेव्हापासून अनेक वाडीवाल्यांना घरगुती मुक्काम आणि खानावळ यांनीच हात दिला. म्हणून मी कळकळीने सांगते: या गावांत मुक्काम करा. सकाळी येऊन संध्याकाळी परत गेलेला माणूस गावाला गर्दी आणि कचरा देतो, पैसे वाटेतच खर्चतो. व्हेनिसवर हीच पाळी आली आणि २०२४ मध्ये त्या शहराने गर्दीच्या दिवसांत एक दिवसासाठी येणाऱ्यांवर प्रवेशशुल्क लावलं. शनिवार-रविवारी वडखळच्या पुढे गाड्यांची रांग लागते, ती पाहिली की आपली गावंही त्याच वाटेवर आहेत हे कळतं. जमत असेल तर मंगळवार-बुधवार धरावा.

मुक्काम केला की जेवणही नीट मिळतं. डिसेंबर ते फेब्रुवारीत जाणाऱ्याने पोपटी सोडू नये. मडक्यात भांबुर्डीचा पाला अंथरतात, त्यावर वालाच्या शेंगा, बटाटे, अंडी, केळीच्या पानात गुंडाळलेली कोंबडी, जाडं मीठ आणि ओवा, मग वरून पुन्हा पाला दाबून तोंड बंद. मडकं उपडं ठेवून भोवती पेंढा-पालापाचोळा पेटवतात. पाणी घालत नाहीत. शेंगांचा आणि पाल्याचा ओलावाच पुरतो. मडकं उघडल्यावर येणारा भांबुर्डीचा उग्र वास दुसऱ्या कुठल्याच पदार्थाला नाही. उन्हाळ्यात गेलात तर रस्त्याकडेला पांढऱ्या कांद्याच्या माळा टांगलेल्या दिसतील. अलिबागच्या या कांद्याला २०२२ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं. चवीला गोडसर, कच्चा खाण्याजोगा. घेताना माळ हातात घेऊन पात वेणीसारखी घट्ट विणलेली आहे का ते पाहावं, सैल असेल तर कांदे घरी येईपर्यंत गळतात. जून आणि जुलैमध्ये मासेमारी बंद असते. तेव्हा पापलेटचा हट्ट धरू नये, खाडीचे मासे, सुकट आणि जवळा यांवर खूश राहावं.

जुलै २०२५ मध्ये युनेस्कोने मराठ्यांचे बारा किल्ले जागतिक वारशाच्या यादीत घेतले. त्यांत आमचा लोहगड आहे आणि थळसमोरच्या समुद्रातला खांदेरीही आहे. एक बोरघाटाच्या वाटेवर नजर ठेवणारा, दुसरा मुंबई बंदराच्या तोंडाशी पाय रोवून बसलेला. १६७९ मध्ये महाराजांनी खांदेरीवर तट चढवायला सुरुवात केली तेव्हा इंग्रज आणि सिद्दी दोघांनी जंग जंग पछाडलं, तरी मायनाक भंडाऱ्याच्या माणसांनी रात्री होड्यांतून सामान नेत काम रेटलं. हे दोन किल्ले एका सुट्टीत पाहता येतात. एका दिवशी मळवलीहून लोहगड चढावा आणि दुसऱ्या दिवशी समुद्र शांत असेल तर थळहून होडीने खांदेरीला जावं. घाट आणि किनारा हे एकच राज्य म्हणून कसं राखलं होतं, ते पाय दुखल्यावर चांगलं समजतं.

किनाऱ्यावरची माणसं ही वाट कधीच विसरली नाहीत. कार्ल्याच्या चैत्यगृहाच्या दाराशी एकवीरा आई आहे आणि ती कोळी-आगऱ्यांची कुलस्वामिनी. चैत्र शुद्ध षष्ठीपासून थळ, रेवस, उरण, मुंबईच्या कोळीवाड्यांतून माणसं घाट चढून येतात, सप्तमीला पालखी निघते, मळवली स्टेशनात पाय ठेवायला जागा उरत नाही. त्या दोन दिवसांत मावळातल्या कुणी समुद्राकडे जाण्याचा बेत आखला असेल तर तो आठवडाभर पुढे ढकलावा आणि कार्ल्याला जावं. ज्यांच्या घरी मुक्काम करायचा, त्यांच्यातले कितीतरी जण तेव्हा आपल्याच गावात उतरलेले असतात.